हात राखून

कोल्हापुरात तालमीत नव्यानं आलेल्या पोराच्या हातात आधी फावडं देतात. डाव, पेच, पकडी हे सगळं नंतर. हौद्यातली लाल माती रोज उकरावी लागते. चार दिवस हात लागला नाही तर ती दबून अंगणासारखी घट्ट होते, आणि मग तिच्यावर पडणाऱ्याचा खांदा निखळतो. म्हणून पहाटे हौदा खणायचा, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, माती सारखी करायची. अधूनमधून त्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, काव असं काय काय घालून ती मुरवतात. ते जाणत्यांचं काम. रोजचं खणणं मात्र लहानांकडे. अंधारात, झोप डोळ्यांवर असताना, हाताला फोड येईपर्यंत खणताना पोराच्या मनात एकच विचार येतो, की आपण इथं कुस्ती शिकायला आलोय की रोजगार हमीच्या कामावर?

मीही लहानपणी हा प्रश्न वस्तादांना विचारला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन-चार दिवसांनी एका थोराड पोरानं मला उचलून पाठीवर आपटलं. हाडं शाबूत राहिली, तेव्हा उत्तर मिळालं.

पैलवान मी झालो नाही. अंगकाठी आड आली, पुढं अभ्यास आड आला, आणि खरं सांगायचं तर खुराक घरच्यांना परवडणाराही नव्हता. पण तालमीच्या कट्ट्यावर बसायची सवय सुटली नाही. आता भाचा जातो, त्याला आणायच्या निमित्तानं संध्याकाळी तासभर जाऊन बसतो.

बहिणीला हे सगळं फारसं पसंत नाही. भाच्याच्या वर्गातली निम्मी पोरं कराटेला जातात. पांढरेशुभ्र कपडे, रंगीत पट्टे, परीक्षा, प्रमाणपत्रं. ‘दादा, तिथं कसं सगळं नीट शिकवतात. आदर, संयम, भिंतीवर लिहूनच ठेवलंय. तुझ्या तालमीत काय शिकवतात?’ असं ती विचारते. प्रश्न रास्त आहे. कराटेच्या त्या भिंतीला मी नाव ठेवणार नाही. शोतोकान पंथात वर्ग संपताना गुडघ्यावर बसून पाच नियम म्हणायची जुनी रीत आहे. चारित्र्य घडवण्याचा नियम पहिला, हिंसक वागणं टाळण्याचा शेवटचा, आणि पाचांतला कुठलाही धाकटा ठरू नये म्हणून प्रत्येकाच्या आधी ‘एक’ हाच आकडा म्हणतात. मला हे फार आवडतं. आमच्या तालमीच्या भिंतीवर मारुती आहे, शाहू महाराजांची तसबीर आहे, पिळदार मिशांच्या जुन्या मल्लांचे काळपट पडलेले फोटो आहेत, आणि ‘येथे लंगोट वाळत घालू नयेत’ अशी एक सूचना आहे. ती वर्षानुवर्षं कुणी पाळली नाही. नीतीबद्दल कुठं अवाक्षर नाही.

तरी तालमीत एक गोष्ट शिकवतात, आणि ती नुसत्या शिस्तीहून वेगळी आहे. पहाटे उठणं, वेळेवर जेवणं, मोठ्यांना मान देणं हे पोराला एनसीसीतही शिकता येतं. तालमीत शिकायची गोष्ट म्हणजे आपल्या अंगातल्या ताकदीचं माप. ती किती, कुठं आणि कुणावर काढायची.

हे कळायला मोठा पैलवान लहान पोराला कसा लढवतो ते बघावं लागतं. परवाचंच सांगतो. नव्वद-पंचाण्णव किलोचा एक गडी, कान मोडून पापडासारखे झालेले, समोर बारा-तेरा वर्षांचं किडकिडीत पोरगं. वस्तादांनी सांगितलं, दुहेरी पट काढ. पोरगं खाली झेपावलं, दोन्ही हातांनी त्या खांबांसारख्या मांड्या कवटाळल्या आणि ढकलायला लागलं. गड्यानं पाय नुसते मागं टाकले आणि छातीचा भार पोराच्या पाठीवर दिला. सगळा दिला असता तर पोरगं मातीत रुतलं असतं. त्यानं एवढाच दिला की पोराला श्वास घेता येईल, पण उठता येणार नाही. वस्ताद कट्ट्यावरून म्हणाले, ‘मान वर कर की लका, जमिनीत काय हुडकायलास?’ पोरानं पुन्हा धरलं. पुन्हा मान खाली, पाठ वाकलेली. पुन्हा तोच भार. असं किती वेळ चाललं. पोरगं रडकुंडीला आलं, नाकातोंडात माती गेली. गडी चिडला नाही, हसलाही नाही. शेवटी एकदा पोराची नजर वर राहिली, पाठ ताठ राहिली, गुडघा बरोबर आत शिरला, खांदा मांडीला भिडला, आणि तो एवढा मोठा देह हलला. गड्यानं तेवढ्याच क्षणी पाय सोडले आणि तो धपकन खाली आला.

मी नीट बघत होतो. तो मुद्दाम पडला नव्हता. डाव चुकला असता तर तो रात्रीपर्यंत उभा राहिला असता. पण डाव बरोबर बसल्यावर अडवून धरण्याइतकी ताकद अंगात असूनही त्यानं ती काढली नाही. पोराला खोटं यश दिलं नाही आणि खऱ्या यशाच्या आड आपलं वजनही आणलं नाही. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे. शिक्षकांना, आईबापांना, साहेब लोकांना ती जन्मभर सापडत नाही. त्या गड्याला सापडली होती, आणि त्याचं शिक्षण सातवीच्या पुढं गेलं नसावं.

हे त्याला कुणी भाषण देऊन शिकवलं नाही. तो लहान असताना त्यालाही कुणीतरी असंच लढवलेलं असतं. माझ्या वेळचे वस्ताद थोराड पोराला लहानाबरोबर सोडताना एवढंच म्हणायचे, ‘पाड, पण मोडू नगंस.’ आणि जो मोडायचा, म्हणजे चिडून बोटं पिरगाळायचा, मानेला नको तसा हिसका द्यायचा, त्याला पुढचा आठवडाभर कुणी जोड द्यायचं नाही. एकट्यानं जोर मारायचे, बैठका काढायच्या, माती खणायची. लढायला कुणी नसलेला पैलवान तालमीत फार केविलवाणा दिसतो. त्याच्या ताकदीला गिऱ्हाईकच नसतं. तिथं पोराला कळतं की समोरच्याचं अंग आपल्याला उसनं मिळालेलं आहे, आणि ते धड परत करायचं आहे.

आता गंमत बघा. तालमीत जे पुण्य, तेच मैदानात पाप.

गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान ज्यानं बघितलं आहे त्याला हलगीचा ठेका ऐकला तरी अंगावर काटा येतो. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर, नारळावर. गावातली जाणती माणसं पोरांचे दंड चाचपून, उंची बघून जोड लावतात. मग इनाम वाढत जातं आणि दिवस कलताना एक नंबरची कुस्ती लागते. दोघे मातीला हात लावून कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, सलामी झडते, खडाखडी सुरू होते. आणि कधीकधी ती खडाखडी संपतच नाही. मानेला मान, हाताला हात, एकानं ढकलल्यासारखं करायचं, दुसऱ्यानं मागं सरल्यासारखं. पाच मिनिटं, दहा, पंधरा. फेटेवाल्या म्हाताऱ्यांना सगळ्यांत आधी वास लागतो. कडेला बसलेला कुणीतरी ओरडतो, ‘नुरा हाय रं ही!’

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. दोघांनी बिदागी वाटून घ्यायची, पाठ कुणाचीच लागू द्यायची नाही, शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवायची. किंवा कोण पडणार तेही आधीच ठरलेलं. इथंही पैलवान हातच राखत असतो, तालमीतल्या त्या गड्यासारखाच. तसाच तोलून भार देतो, पकड तशीच जरा सैल सोडतो, वरवर बघणाऱ्याला फरक कळणार नाही. पण तिथं राखलेली ताकद समोरच्या पोराच्या पदरात पडत होती, इथं ती ऊन खात बसलेल्या हजार माणसांच्या खिशातून काढली जाते. मातीतल्या माणसांना हा फरक समजवावा लागत नाही. ते हरलेल्या पैलवानालाही फेटा बांधतात, पण नुरा खेळणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षी पत्रकावर छापायला कुरकुर करतात. निदान करायचे. आता काही ठिकाणी पत्रक पैलवानाच्या नावाहून पुढाऱ्याच्या फोटोनंच भरलेलं असतं, त्यामुळं नाव कुणाचं छापलं हे वाचतो कोण.

मोठ्या मैदानांचं आणखी वेगळं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत एका नावाजलेल्या मल्लाची पाठ टेकली असा पंचांनी निकाल दिला. त्याचं म्हणणं, टेकली नाही. वाद वाढला, त्यानं पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्रीच्या अंतिम लढतीतही गोंधळ झाला. दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक यावर महिनाभर चहाच्या गाड्यांवर चर्चा झाली, व्हिडिओ थांबवून थांबवून खांदे मोजले गेले. माझ्या मते तो प्रश्न वेगळा. पंच चुकला असेल तर त्याच्याविरुद्ध तक्रार करायची सोय असते, असायला हवी. पण पंच हा जोड नव्हे. ज्यानं लंगोट लावलेला नाही, जो सलामीला हात पुढं करून आलेला नाही, त्याच्यावर काढलेली ताकद कुस्तीच्या हिशेबात कुठंच बसत नाही. दुसऱ्या दिवशी भाच्यानं मला विचारलं, ‘मामा, पण त्याची पाठ खरंच टेकली नसंल तर?’ मी म्हटलं, ‘नसेल टेकली. तरीही.’ त्याला ते पटल्यासारखं दिसलं नाही. मीही जास्त रेटलं नाही. तेराव्या वर्षी अन्याय ही जगातली सगळ्यांत मोठी गोष्ट असते.

त्याला मग खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. अन्याय त्यांच्या वाट्याला थोडा आला नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तोवर मॅटवर लढायची सवयही नव्हती, सगळं आयुष्य मातीत गेलेलं. १९५२ च्या हेलसिंकीला जायच्या निवडीत मद्रासला एका गुणानं हरवलं गेल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी कुणाची कॉलर धरली नाही. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवलं. जाण्यासाठी पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती झाल्यावर नियमानं अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगानं लगेच रशियाच्या मल्लासमोर उभे राहिले आणि हरले. कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं.

कऱ्हाड स्टेशनवरून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हे सगळ्यांना माहीत असतं. भाच्यालाही होतं, शाळेत सांगितलेलं. त्याला माहीत नव्हतं ते पुढचं. मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर या माणसानं कुस्त्यांची मैदानं घेतली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. पदकापेक्षा मला ही कुस्ती मोठी वाटते. पुढं ते पोलीस खात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि पद्म तर नाहीच. हे सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘रशियावाल्याला पण नियम माहीत असंल की. त्यानं का नाही थांबायचं?’ याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

जुन्या तालमींबद्दल लिहिताना हात सैल सुटतो आणि सगळं सोन्याचं दिसायला लागतं. तसं काही नव्हतं. याच आखाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरींना हौद्याची पायरी चढू दिली नाही. माती बाटते म्हणे. ज्या मातीत ताक-हळद मुरवून ती माणसाच्या अंगाला सोसेल अशी करतात, ती पोरीच्या पायानं बाटेल असं मानणारे वस्ताद मी बघितलेत. त्याच महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. आमच्या तालमीत आता तीन पोरी येतात. त्या खणतातही आणि लढतातही, आणि लंगोट वाळत घालू नयेत हा नियम आता कुठं थोडाफार पाळला जातो.

दुसरं दुखणं पैशाचं. दूध, तूप, बदाम, थंडाई, फळं, मटण. पैलवान सांभाळणं म्हणजे हत्ती सांभाळणं असं म्हणतात ते उगाच नाही. पूर्वी संस्थान खर्च करायचं. शाहू महाराजांनी उत्तरेतले मल्ल आणून पोसले, युरोपात बघून आलेल्या आखाड्याच्या धर्तीवर खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये खुलं झालं. आता खर्च बापाच्या डोक्यावर. चांगला दिसणारा मुलगा तालमीत ठेवायचा म्हणून म्हैस विकणारे, सोसायटीचं कर्ज काढणारे बाप आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. असा पोरगा मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या पाठीवर प्रतिस्पर्ध्याआधी ते कर्ज बसलेलं असतं. त्याला कुणी येऊन म्हटलं, इंजेक्शन घे, लवकर भरशील. जन्मतारीख जरा मागं-पुढं करू. यंदा बरोबरी कर, दोघांना मिळेल. निवडणुकीत चार दिवस आमच्या गाडीतून फिर, जेवणखाण आमच्याकडं. तर त्यानं नाही म्हणायचं ते कुठल्या जोरावर? चारित्र्याच्या गोष्टी सांगताना हा हिशेब आपण बाजूला ठेवतो. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं हे विसरून नुसत्या खाशाबांच्या जिद्दीवर भाषणं देणं, त्यातलाच प्रकार.

आणि तालमी तरी किती उरल्या? नावाला पुष्कळ आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, ही कोल्हापुरातल्या पेठांमधली तालमींची नावं आता राज्यभर माहीत आहेत ती फुटबॉलसाठी. शाहू स्टेडियमवर या तालमींचे सामने असले की पेठा ओस पडतात. खेळ झकास होतो, आणि कधीकधी गॅलरीत त्याहून जोराची मारामारी होते. फुटबॉलवर माझा राग नाही, मीही रांगेत उभा राहून बघतो. पण ज्या पेठेतला हौदा बुजला तिथल्या पोरांना आपली ताकद मोजून बघायला दुसरी जागा राहिलेली नाही, असं त्या मारामाऱ्या बघताना वाटतं खरं. हे माझं म्हाताऱ्याचं मत. कुणाला पटेलच असं नाही.

बहिणीला शेवटी मी एवढंच सांगितलं, आणि ज्यांना आपलं पोर कुस्तीला, कराटेला, ज्युडोला, बॉक्सिंगला कशालाही घालायचं आहे त्यांनाही तेच सांगतो. फी विचारायच्या आधी, ट्रॉफींचं कपाट बघायच्या आधी, भिंतीवरचे नियम वाचायच्याही आधी एक संध्याकाळ तिथं जाऊन बसा. कुणाचे पालक आहात ते सांगू नका. तिथला सगळ्यांत ताकदवान पोरगा सगळ्यांत दुबळ्या पोराबरोबर कसा लढतो तेवढं बघा. तो त्याला खेळणं करत असेल, किंवा कौतुकासाठी खोटा पडत असेल, आणि गुरू ते बघून गप्प बसत असेल, तर दुसरी जागा शोधा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोराला पहाटे उठवा आणि पाठवून द्या.